गागो कुतिन्हो यांचा सेक्स्टंट: फलकावर काय लिहावं?

मांडवीकाठ:
फोंड्यात वाचनालयासाठी पोर्तुगीज आरमारी अधिकाऱ्यांवर छोटं प्रदर्शन लावायचंय. गागो कुतिन्हो (१८६९–१९५९) यांच्या फलकाचा मजकूर असा आलाय: ‘अ‍ॅडमिरल कुतिन्हो यांनी १९२२ साली स्वतः विमान चालवत लिस्बनहून रिओ गाठलं.’ बरोबर आहे का? त्यांच्या सेक्स्टंटमध्ये (सूर्याचा कोन मोजून आपली जागा शोधायचं उपकरण) वेगळं काय होतं, तेही मुलांना कळेल असं हवंय.

डोलकाठी:
बरंच चुकलंय. विमान चालवत होते सकादुरा काब्राल, तेही आरमारी अधिकारीच. विमान कुठे आहे ते शोधण्याचं काम कुतिन्होंचं, तेव्हा वय ५३. आणि विमानं लागली तीन. ३० मार्चला ‘लुझितानिया’ निघालं. १८ एप्रिलला अटलांटिकमधल्या सेंट पीटर-सेंट पॉल खडकांपाशी पाण्यावर उतरताना लाटेने फ्लोट (विमान पाण्यावर तरंगवणारा पोकळ भाग) तोडला, विमान बुडालं. ‘रेपुब्लिका’ या युद्धनौकेने दोघांना उचललं. दुसरं विमान फर्नांदो द नोरोन्या बेटावर आलं. तिथून सरळ ब्राझील गाठता आलं असतं, पण वाटेत तुकडा सुटू नये म्हणून हे आधी उलटे खडकांपर्यंत गेले! परतताना इंजिन बंद पडलं, नऊ तास पाण्यावर, मग ‘पॅरिस सिटी’ या ब्रिटिश मालवाहू जहाजाला सापडले. तिसरं ‘सांता क्रूझ’ १७ जूनला रिओत पोचलं. प्रत्यक्ष उड्डाण ६२ तास २६ मिनिटं. ते विमान लिस्बनच्या आरमारी संग्रहालयात आहे. बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात शोधायला जाऊ नका, तिथली विमानं भारतीय नौदलाची.

पाणसळ:
सेक्स्टंटचं सांगतो. जहाजावरून त्याने सूर्य आणि क्षितिज यांतला कोन मोजतात. विमानातून धुक्यात क्षितिज पुसट होतं. दिसलं तरी उंचीमुळे खाली गेलेलं असतं: १०० मीटरवर १७.६ कला, १५० मीटरवर २१.६ (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग; एक कला चूक म्हणजे एक सागरी मैल). म्हणजे उंची ५० मीटरने चुकली की जागा ४ सागरी मैलांनी चुकते. शोधायचे ते खडक जेमतेम १८ मीटर उंच! कुतिन्होंनी सेक्स्टंटलाच गवंड्याच्या पाणसळीसारखा बुडबुडा जोडला. बुडबुडा मधोमध आणून सूर्य त्याच्याशी जुळवायचा, बाहेरचं क्षितिज लागतच नाही.

घोटाळा कुठे होतो? विमान वळलं किंवा वेग बदलला की बुडबुडा खोटं बोलतो. एक अंश चूक म्हणजे ६० सागरी मैल; पणजी धरून निघालात तर विजयदुर्गाच्या आसपास पोचाल. म्हणून वैमानिकाने सरळ, समतल धरायचं आणि लागोपाठ अनेक मापं घेऊन सरासरी काढायची.

डोलकाठी:
वाऱ्याचंही लिहा. धूर सोडणारे डबे पाण्यात टाकून, शेपटीच्या रेषेपासून धूर किती बाजूला सरकतो तो कोन घ्यायचे. ८० नॉटच्या (तासाला ८० सागरी मैल) विमानाला आडवा २० नॉट वारा लागला तर सुमारे १४ अंश सरक, तासाला २० सागरी मैल. तो हिशोब सोडवायला दोघांनी मिळून वेगळं उपकरण बनवलं होतं.

मांडवीकाठ:
देव बरें करूं. वाक्य बदलतो, काब्रालांचं नाव आधी घेतो. ‘अ‍ॅडमिरल’ राहू द्यायचं?

डोलकाठी:
१९२२ च्या फोटोखाली नको. ते पद म्हातारपणी, १९५८ ला मिळालं. आणि टेबलावर एक पाणसळ ठेवा, मुलांना हातात धरून चालायला सांगा. बुडबुडा कसा पळतो ते दिसेल.