भाचा अमेरिकेत कॉलेजकडून टेनिस खेळतो, त्याला जाहिरातीची ऑफर आलीय, सही करू द्यावी का?

नाशिकचा_मामा
नमस्कार मंडळी. माझा भाचा गेल्या ऑगस्टपासून तिकडे शिकतोय, टेनिसची स्कॉलरशिप आहे, डिव्हिजन वनचं (म्हणजे कॉलेज खेळातल्या सगळ्यात वरच्या गटातलं) कॉलेज, व्हिसा एफ-१, विद्यार्थ्यांचा. तिथल्या एका देशी किराणा दुकानवाल्याने विचारलंय की दोन रील कर, दुकानात तुझं पोस्टर लावू, १५०० डॉलर देतो. आणि टेनिस बॅगा विकणारी एक छोटी कंपनी म्हणतेय पैसे नाही पण सगळं किट फुकट, बदल्यात महिन्याला चार पोस्ट टाकायच्या. पोरगा जाम खूश आहे, म्हणतो टीममधली सगळी अमेरिकन पोरं हे करतात, २०२१ पासून नियमच बदललाय. काल रात्री ताईचा फोन, ती पार घाबरलीय. दुकानवाल्याने व्हॉट्सॲपवर दीड पानाचा कागद पाठवलाय, त्यात लिहिलंय की नाव, फोटो, आवाज ‘जगभरात, कुठल्याही माध्यमात, कायमस्वरूपी’ वापरता येईल. असं असतं का खरंच? शुक्रवारपर्यंत सही हवीय त्यांना. कोणी यातून गेलंय का?

मिशिगनवाली
दादा, आधी पोराला फोन करा आणि सांगा कुठेही सही करू नको. मी एका युनिव्हर्सिटीत परदेशी विद्यार्थ्यांच्याच ऑफिसात काम करते म्हणून कळकळीने सांगतेय. २०२१ च्या जुलैपासून नियम बदलला हे खरंय, पण तो एनसीएएचा नियम, म्हणजे कॉलेजच्या खेळांच्या संघटनेचा. नाव-चेहरा वापरून पैसे कमावलेस तर खेळायला अपात्र ठरवणार नाही, एवढंच त्यांनी सांगितलं. व्हिसा त्यांच्या हातात नाहीच. एफ-१ वर कॅम्पसवर आठवड्याला २० तास काम चालतं, कॅम्पसबाहेर वेगळी परवानगी लागते, आणि दुकानासाठी रील करणं हे सरळसरळ बाहेरचं काम धरलं जाऊ शकतं. जाहिरातीला परवानगी आहे असं एफ-१ च्या नियमात कुठेही लिहिलेलं नाही. फुकट किटवाल्यालाही हेच लागू बरं का, पैशाऐवजी वस्तू घेतली म्हणून ते काम नाही असं होत नाही, इथेच पोरं फसतात. व्हिसाचं स्टेटस गेलं तर स्कॉलरशिप, डिग्री, पुढचा ओपीटी (शिक्षणाशी निगडित कामाची तात्पुरती परवानगी) सगळंच अडकतं, १५०० डॉलरसाठी हे करू नये. टीममधल्या अमेरिकन पोरांशी तुलना करून उपयोग नाही, त्यांना व्हिसा लागतच नाही.

तात्या_डॅलस
मिशिगनवाली ताईंना पूर्ण अनुमोदन. माझी मुलगी कॉलेजकडून पोहते, जन्म इथलाच त्यामुळे व्हिसाची भानगड नाही, तरी पहिल्या करारात आम्ही तोंडावर पडलो. तिच्या कागदात पण ते ‘कायमस्वरूपी’ होतं, आम्ही वाचलं आणि सोडून दिलं. करार सहा महिन्यांचा, तो संपून वर्ष झालं तरी तिचा फोटो त्यांच्या पाकिटावर, आणि दुसऱ्या एका कंपनीने त्याच कारणाने नकार दिला. आता आम्ही मुदत लिहून घेतो, किती पोस्ट ते लिहून घेतो, मुदत संपली की फोटो काढायचे तेही लिहून घेतो. कॉलेजचा लोगो किंवा टीमची जर्सी विचारल्याशिवाय घालायची नाही, आणि कॉलेजचा ज्या ब्रँडशी करार आहे त्याच्या स्पर्धकाची जाहिरात असेल तर आधी कंप्लायन्सवाल्यांना, म्हणजे कॉलेजात खेळाचे नियम बघणाऱ्यांना विचारायचं. आणि एक लक्षात ठेवा, कॉलेजचा वकील कॉलेजचा असतो, तुमच्या पोराचा नाही. फ्लोरिडा युनिव्हर्सिटीच्या फुटबॉलपटू जर्व्हन डेक्स्टरची केस वाचा, कॉलेजात असताना ४,३६,४८५ डॉलर घेतले आणि बदल्यात एनएफएलमधल्या (अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग) कमाईचे १५ टक्के २५ वर्षं द्यायचं कबूल करून बसला, २०२३ मध्ये कोर्टात जावं लागलं. रक्कम मोठी दिसली की वर्षं कोणी मोजत नाही.

नाशिकचा_मामा
बापरे, किटचं डोक्यातच आलं नव्हतं. बॅग तर ऑलरेडी पोचलीय त्याच्याकडे, अजून पोस्ट टाकली नाहीये. परत पाठवायला सांगतो. एक विचारू का, तो मे महिन्यात नाशिकला येणार आहे अडीच महिने, इथे असताना शूट केलं तर?

मिशिगनवाली
हो, बॅग परत पाठवू दे, आणि तसं ईमेलवर लिहून ठेवू दे. तुमचा प्रश्न बरोबर आहे, बरेच जण तेच करतात. केंटकीचा बास्केटबॉलपटू ऑस्कर शिब्वे, मूळ काँगोचा, तोही एफ-१ वर होता, २०२२ च्या ऑगस्टमध्ये टीम बहामासला गेली तेव्हा त्याने तिकडेच जाहिरातींची कामं उरकली कारण ती जमीन अमेरिकेची नव्हती. पण मग शूटिंग, पोस्ट टाकणं, सगळं नाशिकमधूनच व्हायला हवं, ऑगस्टमध्ये परत जाऊन दुकानात उद्घाटनाला उभा राहिला तर मुसळ केरात. डीएसओला, म्हणजे कॉलेजातल्या परदेशी विद्यार्थ्यांच्या व्हिसाचं बघणाऱ्या अधिकाऱ्याला, आत्ताच भेटू दे, पण डीएसओ कायद्याचा सल्ला देत नाहीत, त्यामुळे इमिग्रेशनच्या वकिलाला एकदा कागद दाखवाच, तासाभराची फी परवडेल. काही लॉ स्कूलमध्ये खेळाडूंसाठी कायद्याच्या सल्ल्याचं फुकट क्लिनिकपण असतं, विचारून बघा.

आकडेमोड
मी टॅक्सचं काम करतो म्हणून थोडं. डिव्हिजन वनमध्ये ६०० डॉलर किंवा जास्तीचा बाहेरचा करार असेल तर २०२५ च्या जूनपासून तो ‘एनआयएल गो’ (एनआयएल म्हणजे नाव-चेहरा वापरायचे करार) पोर्टलवर सही झाल्यापासून पाच कामाच्या दिवसांत नोंदवावा लागतो, भारतात शूट केलं तरी नोंदवा. भारतात केलेल्या कामाचे पैसे भारतात करपात्र, ते रिटर्नमध्ये दाखवा. तात्या, तुमच्या मुलीचं मात्र वेगळं, खर्च वजा जाता ४०० डॉलर किंवा जास्त झालं की १५.३ टक्के सेल्फ एम्प्लॉयमेंट टॅक्स, वर इन्कम टॅक्स. कोणी कापून देत नाही, त्यामुळे आलेल्या प्रत्येक चेकमधले तीसेक टक्के बाजूला टाका.

नाशिकचा_मामा
आत्ताच बोललो त्याच्याशी. आधी चिडला, मग मी त्याला हा धागाच वाचायला दिला. सोमवारी डीएसओची वेळ घेतलीय. दुकानवाल्याला कळवलं की मेपर्यंत थांबा आणि ‘कायमस्वरूपी’ काढून एक वर्ष करा, तर तो लगेच हो म्हणाला, म्हणजे विचारलं असतं तर आधीच झालं असतं. ताई आज झोपेल. मनापासून आभार सगळ्यांचे.