‘शासकीय इतमामात’ म्हणजे ‘सरकारी थाटात’ का?

बाळीवेसकर
काल मुलीनं पेपरातली ओळ वाचून विचारलं, “जवानावर शासकीय इतमामात अंत्यसंस्कार म्हणजे कसे?” मी पटकन “सरकारी थाटात” म्हणून गेलो आणि जीभ चावली. समोर आई-बाप रडतायत, तिथं थाट कसला?

माझं मत असं, की हा शब्द मुळात थाटाचा नाहीच. अरबीत ‘इहतिमाम’ म्हणजे काळजी, जातीनं लक्ष घालून केलेली व्यवस्था. बोलताना मधला ‘ह’ गळाला, साहेबचा सायब होतो तसा. आपण नंतर त्यावर हत्ती-घोडे चढवले.

विजापूरवेस
नाही पटलं. शब्दाचा अर्थ आजचे लोक ठरवतात, अरबस्तान नाही. ‘दिमाख’ घ्या. मूळ ‘दिमाग’, म्हणजे मेंदू. तिथून गर्व झाला, गर्वातून झाला डौल. आता “वरात दिमाखात निघाली” म्हणताना मेंदू कुणाच्या मनात येतो? तसंच इतमामाचं. निशाण, नगारा, स्वारी म्हणजे इतमाम. आणि शासकीय अंत्यविधीत काय असतं? तिरंगा, बिगूल, बंदुकांच्या फैरी. सगळं दिसण्याचंच आहे. त्याला थाट म्हणायला लाज का वाटावी?

साखरपेठ
मला तर दुसरंच मूळ जवळचं वाटतं. अरबीत ‘इत्माम’ असाही शब्द आहे, अर्थ पूर्णत्वाला नेणं. ‘तमाम जनता’मधला तमाम त्याच धातूचा. उच्चारही जसाच्या तसा जुळतो, ‘ह’ गाळायची गरज नाही. काही कमी न ठेवता केलं, ते इतमामानं केलं.

बाळीवेसकर
साखरपेठ, उच्चार जुळतो हे खरं. पण अर्थाची वाट बघा. आमच्या गल्लीत उर्दू मुशायऱ्याची पत्रकं लागतात, त्यावर ‘जेरे एहतमाम’ आणि खाली आयोजकांचं नाव. म्हणजे यांच्या देखरेखीखाली. तो शब्द आजही इथं आपल्याच भिंतींवर जिवंत आहे.

विजापूरवेस, दिमाखाचं उदाहरण चांगलं, पण ते एकटं आहे. ‘लवाजमा’ बघा, लाजिम म्हणजे जरुरी, त्याचं अनेकवचन. आधी लागणाऱ्या वस्तू, मग राजाबरोबर चालणारा ताफा. ‘सरंजाम’सुद्धा आधी तयारी, सामग्री. आपल्या भाषेत बडेजावाचे हे शब्द तयारीतून आलेत. मला यात मोठी गोष्ट दिसते.

दक्षिणकसबा
शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करून घेतला तो असे फारसी-अरबी शब्द काढायलाच ना? सरळ ‘राजसन्मानाने’ लिहा, वाद मिटला.

बाळीवेसकर
कोशाबद्दल आदर आहेच. पण त्यानंतर साडेतीनशे वर्षं होत आली, तरी इतमाम मराठी माणसाच्या तोंडून गेला नाही. तो आता आपला आहे.

तुम्ही सगळे गड्ड्याला, आपल्या सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेला जाता, म्हणून तिथलंच सांगतो. संक्रांतीला सिद्धेश्वरांचे सात नंदीध्वज निघतात. लोक बघतात ती पांढरी बाराबंदी, हलगी, संमती कट्ट्यावरच्या, सिद्धेश्वरांच्या प्रतीकात्मक लग्नाच्या अक्षता. पण ती उंच, जड काठी कमरेच्या पट्ट्यावर तोलून उभी न्यायची, तर मानकऱ्यांचा सराव कित्येक दिवस आधीपासून चालतो. 68 लिंगांना तेल घालत फिरताना कुठलं एक चुकवून चालत नाही. त्याला मी इतमाम म्हणतो. अक्षतेला डोळे भरतात ते बाराबंदी बघून नाही भरत.

साखरपेठ
68 मधलं एकही चुकवायचं नाही, हे तर माझं ‘पूर्णत्व’ झालं की!

विजापूरवेस
नंदीध्वजाचं मान्य. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून बघितलंय, काठी जरा कलली की अख्खी गर्दी श्वास रोखते. तरी माझा मुद्दा तसाच आहे. जवानाच्या आईला ती सलामी दिसली पाहिजे, गावाला ऐकू गेली पाहिजे. नुसती काळजी घरातही घेता येते. चारचौघांत दिसतं तेव्हाच तो मान होतो, म्हणून थाटाला इतकं हलकं समजू नका.

बाळीवेसकर
हे मी धरलं नव्हतं, खरंय. आईला दिसलं पाहिजे.

मुलीला आज परत सांगितलं: सरकारनं स्वतः उभं राहून, काही कमी न ठेवता, सगळ्यांसमोर दिलेला निरोप. तिनं वहीत ‘मानानं आणि नीट’ असं लिहिलंय. ‘थाट’ मात्र मी खोडायला लावला.