कुलकर्णीकाकांचा फॉरवर्ड

कुलकर्णीकाका बी-२०२: जपानने प्रयोगशाळेत माणसाचं लिव्हर तयार केलं!! सर्वांना पाठवा 🙏

सावंत सी-५०१: म्हणजे थर्टीफर्स्टला बिनधास्त 😄

देशपांडेकाकू ए-१०३: सावंत, बायको पण आहे ग्रुपवर.

मृण्मयी डी-१०४: काका, बातमी २०१३ ची आहे. योकोहामाच्या ताकेबेंच्या टीमने मूलपेशींपासून (स्टेम सेल, ज्यांच्यापासून वेगवेगळ्या अवयवांच्या पेशी घडवता येतात) यकृताचे काही मिलिमीटरचे कोंब वाढवले होते. उंदरात घातल्यावर त्यातल्या रक्तवाहिन्या उंदराच्या रक्तवाहिन्यांना जाऊन जुळल्या. ते भारीच होतं. पण आपलं लिव्हर सव्वा-दीड किलोचं असतं.

देशपांडेकाकू ए-१०३: तू हेच करतेस ना गं लॅबमध्ये?

मृण्मयी डी-१०४: हो काकू. त्वचेच्या किंवा रक्ताच्या पेशी जपानी शास्त्रज्ञ यामानाकांच्या पद्धतीने उलट्या फिरवून मूलपेशी करायच्या (२०१२ चं नोबेल त्यालाच). मग आधी अ‍ॅक्टिव्हिन, नंतर बीएमपी-४, एफजीएफ, शेवटी एचजीएफ आणि ऑन्कोस्टॅटिन, ही सगळी पेशींना इशारे देणारी प्रथिनं. गर्भात यकृत ज्या क्रमाने घडतं, तोच क्रम. तीनेक आठवड्यांनी डिशमध्ये आपल्या पार्किंगमधल्या पेव्हर ब्लॉकसारख्या कोपरे असलेल्या पेशी दिसतात. मात्र वयाने बाळच राहतात. गर्भातल्या यकृताचं एएफपी हे प्रथिन बनवत बसतात आणि औषधं पचवायची एन्झाइम्स कमीच.

सेक्रेटरी: बी विंगचा टँकर आलाय. अर्धा तास मोटर बंद.

शिंदे सी-३०२: मृण्मयी, माझ्या मेव्हण्याला सिरॉसिस आहे. एका सेंटरने स्टेम सेलची ३ इंजेक्शनं सांगितलीत. साडेचार लाख. निम्मे आधी भरायचे. परवा जाणार होतो.

मृण्मयी डी-१०४: दादा, थांबा. भरू नका. आयसीएमआरच्या (सरकारी वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या नियमांत रक्ताच्या आजारांसाठीचं प्रत्यारोपण सोडलं तर बाकी सगळं क्लिनिकल ट्रायलमध्ये, म्हणजे चाचणीतच करायचं असतं, आणि चाचणीत पेशंटकडून पैसे घेत नाहीत. सीटीआरआयचा (अशा चाचण्यांची सरकारी नोंदवही) नोंदणी क्रमांक मागा त्यांच्याकडे.

कुलकर्णीकाका बी-२०२: पण जपानमध्ये एका बाळाला दिल्या होत्या म्हणे पेशी?

मृण्मयी डी-१०४: दिल्या, काका. २०२० मध्ये जाहीर झालं. ६ दिवसांचं बाळ, रक्तातला अमोनिया यकृताला काढता येत नव्हता आणि प्रत्यारोपणासाठी जीव फारच लहान. भ्रूणाच्या मूलपेशींपासून केलेल्या १९ कोटी यकृतपेशी सोडल्या. त्यावर काही महिने निभावलं, मग वडिलांच्या लिव्हरचा तुकडा बसवला. म्हणजे शेवटी वडीलच.

देशपांडेकाकू ए-१०३: 🥹

शिंदे सी-३०२: आत्ता फोन केला. नोंदणी क्रमांक विचारला तर बाई म्हणाल्या, सर मीटिंगमध्ये आहेत.

सावंत सी-५०१: घ्या!

मृण्मयी डी-१०४: दादा, मेव्हण्यांचं नाव प्रत्यारोपणाच्या यादीत आहे का? घरात कुणी दाता तपासलाय?

शिंदे सी-३०२: बहीण तयार आहे. तपासण्या राहिल्यात. म्हटलं इंजेक्शननेच भागलं तर तिला कशाला कापायचं.

मृण्मयी डी-१०४: फाईल घेऊन या उद्या. पण ११ नंतर. रविवार असला तरी सकाळी पेशींना खायला घालायला जावं लागतं, नाहीतर गुलाबी पाणी पिवळं पडून बसतं.

देशपांडेकाकू ए-१०३: येताना माझ्याकडे दोघंही या, पोहे करते. पाणी आलं तर.