लास वेगासच्या गोळीबाराचा व्हिडिओ गावात फिरतो आहे: संशयिताबद्दलच्या शंका कितपत खऱ्या?

प्रश्न: वाचनालयाचा कार्यवाह, हिंगणघाट तालुका

नमस्कार. आमच्या गावच्या वाचनालयात सायंकाळी येणारी आठ-दहा मुले गेल्या पंधरवड्यापासून एकाच व्हिडिओवर वाद घालत आहेत. १ ऑक्टोबर २०१७ रोजी अमेरिकेतील लास वेगास येथे एका हॉटेलच्या ३२व्या मजल्यावरून संगीत महोत्सवाच्या गर्दीवर गोळीबार झाला, त्यासंबंधीचा तो व्हिडिओ आहे. चौसष्ट वर्षांचा एकटा माणूस दहा मिनिटांत हजाराहून अधिक गोळ्या झाडूच शकत नाही, पोलिसांनी घटनेच्या वेळा बदलल्या, हेतू आजतागायत सापडला नाही, म्हणजे खरे मारेकरी वेगळे होते आणि या माणसाला मेल्यावर पुढे करण्यात आले, असे त्यात ठासून सांगितले आहे. पोलीस खरे बोलत होते तर वेळ का बदलली, या मुलांच्या प्रश्नाला मला उत्तर देता आले नाही.

विचारण्यामागे आणखी एक कारण आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्या शिवारातील मोटारपंपांच्या केबल चोरीला गेल्या, तेव्हा गावातल्याच एका मुलाचे नाव आणि छायाचित्र व्हॉट्सअॅपवर फिरले. पुढे चोर भलतेच निघाले. तो संदेश पुढे पाठवणाऱ्यांत मीही होतो. त्यामुळे रास्त शंका कुठे संपते आणि नुसता तर्क कुठे सुरू होतो, हे मला नीट समजून घ्यायचे आहे.

उत्तर: निवृत्त शिक्षक, दर्यापूर

वेळ बदलली, ही गोष्ट खरी आहे आणि ती मुलांपासून लपवू नये. हॉटेलच्या सुरक्षारक्षकाला गोळी केव्हा लागली, याबद्दल पोलिसांनी आठ-दहा दिवसांत तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्या. आधी ते म्हणाले की गर्दीवर गोळीबार चालू असताना रक्षक ३२व्या मजल्यावर पोहोचला, मग म्हणाले की त्याला सहा मिनिटे अगोदरच गोळी लागली होती, आणि हॉटेलने हरकत घेतल्यावर दोन्ही घटना जवळपास एकाच वेळी घडल्याचे सांगितले. सहा मिनिटांचा फरक लहान नव्हता, कारण तेवढ्या वेळात हॉटेलला इशारा देता आला असता का, असा प्रश्न त्यातून उभा राहत होता. पत्रकारांनी तो लावून धरला, हे योग्यच झाले.

मात्र ती शंका हॉटेलच्या आणि पोलिसांच्या तत्परतेविषयी होती. गोळ्या कोणी झाडल्या, याच्याशी तिचा संबंध नव्हता. व्हिडिओ करणाऱ्याने एका प्रश्नावरची शंका उचलून दुसऱ्याच प्रश्नाला चिकटवली आहे. आपल्याकडे एखाद्या जिनिंगला आग लागली तर हमाल, चौकीदार आणि गाडीवान तीन वेगळ्या वेळा सांगतात, म्हणून आग लागलीच नाही असे कोणी म्हणत नाही.

हजार गोळ्यांचे म्हणाल, तर हल्लेखोराच्या कित्येक रायफलींना बंपस्टॉक नावाचे जोडउपकरण लावलेले होते. बंदुकीचा धक्का वापरून चाप झरझर दाबला जावा, अशी त्याची रचना असते. या घटनेनंतरच अमेरिकेच्या सरकारने त्यावर बंदी घातली आणि जून २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली. एकट्याने इतक्या गोळ्या कशा झाडल्या, याचे उत्तर त्या उपकरणात आहे.

उत्तर: वकील, पुसद

गुरुजींच्या म्हणण्याला मी आपल्याकडच्या खटल्याचा दाखला जोडतो. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्याच्या खटल्यात कसाबसोबत दोन भारतीय आरोपीही होते. त्यांनी ठिकाणांचे नकाशे काढून दिले आणि त्यांपैकी एक नकाशा मारल्या गेलेल्या दहशतवाद्याच्या खिशात सापडला, असे पोलिसांचे म्हणणे होते. विशेष न्यायालयाने तो कागद पाहिला. मृताची पँट रक्ताने भिजलेली असताना खिशातल्या कागदावर रक्ताचा डाग नव्हता. मे २०१० मध्ये कसाब दोषी ठरला आणि हे दोघे त्या आरोपातून सुटले. उच्च न्यायालय आणि २०१२ साली सर्वोच्च न्यायालय यांनीही ती सुटका कायम ठेवली. शंका घ्यायची तर ती अशी घ्यावी, हातात धरता येईल अशा एका वस्तूला धरून.

याच कसाबने जुलै २००९ मध्ये गुन्हा कबूल केला आणि डिसेंबरमध्ये आपण पर्यटक म्हणून मुंबईत आलो होतो, पोलिसांनी आधीच पकडून गोवले, असे सांगितले. न्यायालयाने ते म्हणणे साक्षीदार, छायाचित्रे आणि शस्त्रांच्या अहवालाशी ताडून पाहिले आणि ते टिकले नाही. त्याला तुरुंगात बिर्याणी दिली जाते, ही गोष्ट मात्र देशभर खरी मानली गेली. ती आपणच रचली होती, असे सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी २०१५ मध्ये स्वतः सांगितले, तरी आजही आमच्या वकिलांच्या बाररूममध्ये ती खरी म्हणून ऐकवली जाते.

संशयिताचे तोंड बुरख्याने झाकून नेतात, तेव्हा लोक चिडतात. पुढे ओळख परेड घ्यायची असते. त्याचा चेहरा आधीच घरोघरी पोहोचला असेल, तर साक्षीदाराने त्याला घटनास्थळी पाहिले की मोबाईलवर, असे बचाव पक्ष विचारणारच. खऱ्या गुन्हेगाराला सोडवायला एवढे पुरे होते. कार्यवाह साहेब, मुलांना एवढे तरी नक्की सांगा.

उत्तर: निवृत्त तलाठी, पांढरकवडा

हेतूबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. अमेरिकेच्या एफबीआयने जानेवारी २०१९ मध्ये अहवाल देऊन सांगितले की, या माणसाच्या कृत्यामागे एकच एक स्पष्ट कारण आढळत नाही. वाढते वय, ढासळती प्रकृती, मरण्याचा निश्चय आणि कुप्रसिद्ध होण्याची इच्छा, असे बरेच काही त्यात नोंदवले आहे. इसिसने लगेच जबाबदारी घेतली होती, परंतु तिला पुष्टी देणारा पुरावा मिळाला नाही.

‘एकच कारण आढळत नाही’ हे वाक्य लोकांना टाळाटाळीचे वाटते. मला तसे वाटत नाही. नोकरीत मी शेतकरी आत्महत्यांच्या कितीतरी प्रकरणांचे कागद तयार केले. एक लाखाची मदत द्यायची की नाही, हे ठरवण्यासाठी प्रकरण पात्र किंवा अपात्र करावे लागे. कर्ज, नापिकी, की वसुलीचा तगादा, असे कागद विचारत असे. घरी गेल्यावर मात्र बायको एक सांगे, भाऊ दुसरे सांगे, आणि दोघेही खोटे बोलत नसत. माणूस मेल्यावर त्याच्या मनातले शोधणे किती अवघड असते, हे मी ओसरीवर बसून पाहिले आहे. लास वेगासच्या त्या माणसाने पोलीस खोलीत शिरण्यापूर्वीच स्वतःला गोळी मारून घेतली. त्याला आता कोण विचारणार?

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. डिसेंबर २०१२ मध्ये अमेरिकेतीलच सँडी हूक शाळेत २० मुले आणि ६ कर्मचारी मारले गेले, तेव्हा पहिले काही तास मोठमोठ्या वाहिन्या खऱ्या हल्लेखोराऐवजी त्याच्या थोरल्या भावाचे नाव सांगत होत्या. तो त्या वेळी दुसऱ्या राज्यात होता. पुढे अॅलेक्स जोन्स या प्रसारकाने ती घटनाच बनाव असल्याचे वर्षानुवर्षे सांगितले, आणि ज्यांची लेकरे गेली त्या आईबापांना लोक धमक्या देऊ लागले. २०२२ मध्ये कनेक्टिकटच्या ज्यूरीने त्याने ९६.५ कोटी डॉलर भरपाई द्यावी, असा निकाल दिला. त्या आईबापांचे दहा वर्षांतले दिवस कोण भरून देणार, ते मला कळत नाही.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

आपणा तिघांचा मी अत्यंत आभारी आहे. काल मुलांसमोर व्हिडिओ थांबवत थांबवत पाहिला आणि प्रत्येक दाव्याला ‘ही शंका नेमकी कशाबद्दल आहे?’ एवढेच विचारले. वकील साहेबांची नकाशाची गोष्ट सांगितली, तेव्हा सगळ्यात जास्त वाद घालणारा मुलगा बराच वेळ गप्प बसला आणि मग त्याने केबल चोरीचा विषय स्वतःहून काढला. ज्याचे नाव तेव्हा फिरले, तो मुलगा आता बुटीबोरीला कामाला आहे आणि पोळ्यालाही गावी येत नाही. त्याच्या वडिलांची मी आजवर माफी मागितलेली नाही. रविवारी त्यांच्या घरी जाणार आहे. वाचनालयातली दोन मुलेही सोबत येतो म्हणाली आहेत.