नळकाम व वीजकामाच्या व्यवसायासाठी गाडी: ईको कार्गो, पाच आसनी ईको की छोटा हत्ती?

गोदाकाठ:

नमस्कार मंडळी. नाशिकमध्ये माझा नळकाम आणि वीजजोडणीचा लहानसा व्यवसाय आहे. आजवर दोन दुचाक्या आणि लागेल तेव्हा भाड्याचा टेम्पो एवढ्यावर निभावत होते. आता मात्र गंगापूर रोडच्या सोसायट्यांबरोबर त्र्यंबकेश्वर आणि इगतपुरीकडच्या रिसॉर्टची देखभालीची कामेही मिळू लागली आहेत, आणि पाइपाला वळण देणारा अर्ध्या इंचाचा एक कोपर राहिला म्हणून कारागिराने त्र्यंबकहून नाशिकला परत यावे, हे यापुढे परवडणारे नाही.

माझ्याबरोबर दोन मदतनीस असतात. रोजच्या सामानात ड्रिल मशीन, भिंत फोडण्याचा ब्रेकर, पाइप कापण्याचे व आटे पाडण्याचे साहित्य, फिटिंगचे खोके, वायरची बंडले आणि घडीची शिडी असते. अधूनमधून गीझर किंवा पाण्याची मोटारही न्यावी लागते. कर्जासह सहा-सात लाखांपर्यंत माझी तयारी आहे. बंद गाडी घ्यावी की उघड्या हौद्याची, पांढऱ्या पाटीची म्हणजे खासगी घ्यावी की पिवळ्या पाटीची म्हणजे व्यावसायिक, आणि इगतपुरीकडच्या चढांवर सीएनजी कितपत साथ देतो, याबाबत जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पाना_पक्कड:

मी याच धंद्यात आहे, म्हणून सविस्तर लिहितो. आपल्यासारख्यांची गाडी ही मालवाहतुकीची गाडी कमी आणि कुलूपबंद कोठार जास्त असते. भाजीचा किंवा सिमेंटचा व्यापारी सकाळी गाडी भरतो आणि संध्याकाळपर्यंत रिकामी करतो. आपला माल मात्र रात्रंदिवस गाडीतच असतो आणि त्यातला दहावा हिस्साही एका दिवसात बाहेर निघत नाही. हे एकदा मान्य केले की उघड्या हौद्याचा विचार आपोआप मागे पडतो. २००५ मध्ये बाजारात आलेला टाटा एस, म्हणजेच आपला छोटा हत्ती, साधारण पाऊण टन माल निमूटपणे ओढतो, यात शंका नाही. परंतु त्र्यंबकच्या पावसात ताडपत्रीखाली ठेवलेल्या ब्रेकरच्या आर्मेचरचे, म्हणजे आतल्या तारेच्या गुंडाळीचे, काय होते, हे वायंडिंगवाल्याला विचारा. शिवाय सोसायटीच्या फाटकाबाहेर गाडी लावून आपण चौथ्या मजल्यावर काम करत असताना पितळी व्हॉल्व्हचे खोके हौद्यात सुरक्षित राहतील, अशी अपेक्षा मी तरी करणार नाही.

पाइपांचा प्रश्न मात्र खरा आहे. वीजकामाची नळी आणि पीव्हीसी पाइप सहसा तीन मीटरचे, म्हणजे दहा फुटी मिळतात. जीआय, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी पाइप सहा मीटरचा असतो. मारुतीच्या ईको या बंद गाडीची बाहेरून मोजलेली एकूण लांबीच ३,६७५ मिलिमीटर आहे. तेव्हा दहा फुटी पाइप दोन आसनांच्या मधून तिरपा पुढे काढला तरच बसतो आणि वीस फुटी पाइपाचे नावच काढायला नको. तो एक तर दुकानदाराच्या टेम्पोने थेट कामावर पोहोचवून घ्यावा किंवा दुकानातच मापाने कापून घ्यावा. टपावर बांधून पुढे-मागे हातभर बाहेर काढून नेण्याची आपल्याकडे जुनी खोड आहे, पण २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात अशा बाहेर आलेल्या मालासाठी २०,००० रुपये दंडाची तरतूद आहे. महिन्यातून एखाद्या वेळी लागणाऱ्या वीस फुटी पाइपासाठी उरलेला महिनाभर मोठा टेम्पो पोसण्यापेक्षा त्या दिवसापुरते भाडे देणे केव्हाही स्वस्त पडते.

म्हणून माझे मत बंद गाडीला, आणि तुमच्या रकमेत ती म्हणजे ईको. पूर्वी या जागी ओम्नी होती. तिचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले. आता कोणी अगदी स्वस्तात ओम्नी देऊ केली, तरी सरकत्या दाराखालची पट्टी आणि मागच्या चाकांवरच्या कमानी बोटाने दाबून पाहिल्याशिवाय पुढची बोलणी करू नका, कारण गंज बहुधा तिथूनच सुरू होतो.

सातपूरवासी:

बंद गाडीबाबत सहमत आहे. परंतु पाच आसनी ईको पांढऱ्या पाटीवर घेऊन मागचे आसन काढून टाकावे, असे सुचवतो. कर एकदाच भरायचा, दर दोन वर्षांनी पासिंगची, म्हणजे आरटीओच्या योग्यता तपासणीची, कटकट नाही, विमाही स्वस्त आणि रविवारी आसन परत बसवून कुटुंबाला देवदर्शनाला नेता येते. अनेक जण हेच करतात.

कागदपत्री:

अनेक जण करतात हे खरे, पण त्यांतील किती जणांनी स्वतःची विमा पॉलिसी वाचली आहे, याबद्दल मला शंका आहे. खासगी मोटारीच्या पॉलिसीत वापराच्या मर्यादा दिलेल्या असतात आणि त्यांत नमुने व वैयक्तिक सामान वगळता इतर मालाची वाहतूक स्पष्टपणे वगळलेली असते. आसन काढलेली, पाइप आणि मोटारी भरलेली पांढऱ्या पाटीची गाडी घाटात उलटली, तर पाहणीला येणारा सर्व्हेअर सर्वप्रथम त्याच कलमावर बोट ठेवील. रोजच्या पोटापाण्याचे साधन अशा पायावर उभे करू नये.

पिवळ्या पाटीची जेवढी धास्ती घेतली जाते तेवढी घेण्याचे कारण नाही. एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. परवान्याचा प्रश्नही मिटलेला आहे: सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिलेल्या निकालानुसार, हलक्या मोटार वाहनाचा साधा परवाना असलेल्या व्यक्तीला ७,५०० किलोपेक्षा कमी एकूण वजनाचे मालवाहू वाहन चालवण्यासाठी वेगळी नोंद लागत नाही. पासिंग नव्या गाडीला पहिली दोन वर्षे नसते, त्यानंतर गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी करावे लागते. मालवाहू गाडीला ताशी ८० किलोमीटरचे वेगबंधन असते. मुंबई-आग्रा महामार्गावर ते जाणवेल, गंगापूर रोडवर जाणवण्याचा प्रश्नच नाही.

विमा महाग पडतो, हा आक्षेप मात्र मान्य करावा लागेल. २०२२ च्या अधिसूचनेत १,००० ते १,५०० सीसीच्या खासगी मोटारीसाठी तृतीय पक्ष विम्याचा वार्षिक दर ३,४१६ रुपये आहे, तर भाड्याने माल वाहणाऱ्या ७,५०० किलोपर्यंतच्या चारचाकी गाडीसाठी तो १६,०४९ रुपये आहे. परंतु केवळ स्वतःच्या व्यवसायाचा माल वाहणाऱ्या गाडीचा वर्ग वेगळा असून त्याचा दर बराच कमी असतो. विक्रेत्याकडचा विमा प्रतिनिधी हे आपण होऊन सांगेलच असे नाही. गाडीची नोंदणी त्या वर्गात होऊ शकते का, हे आरटीओच्या कामापूर्वीच विचारून घ्यावे.

याच्या समोर जीएसटीचा हिशेब मांडा. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारी आणि मालवाहू गाड्या या दोन्हींवरील कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे, त्यामुळे खरेदीच्या वेळी दराचा फरक नाही. फरक पुढे पडतो. तुमची जीएसटी नोंदणी नियमित पद्धतीची असेल, तर मालवाहू गाडीवर भरलेल्या कराची वजावट मिळते. पाच आसनी गाडीवर ती कायद्यानेच रोखलेली आहे. करापूर्वीची किंमत साडेचार लाख धरली, तर ही रक्कम ८१,००० रुपये होते. उलाढालीवर ठोक दराने कर भरण्याच्या कंपोझिशन योजनेत असाल किंवा नोंदणीच नसेल, तर हा मुद्दा सोडून द्यावा.

घाटमार्गी:

सीएनजीबद्दल लिहितो. ईकोच्या १.२ लिटर इंजिनाची शक्ती पेट्रोलवर सुमारे ८० अश्वशक्ती आणि सीएनजीवर सुमारे ७१ आहे. शहरात हा फरक कळतही नाही. तीन माणसे आणि भरलेली गाडी घेऊन चढ चढताना मात्र गिअर एक पायरी आधी खाली घ्यावा लागतो, आणि गरज पडल्यास चढापुरते पेट्रोलवर जाता येते. गाडीला ओढ मागच्या चाकांची असल्याने मागे माल भरलेला असताना चढावर चाके चांगली धरतात. रिकाम्या गाडीने ओल्या, शेवाळलेल्या उतारावर मात्र सावध राहावे. इंजिन पुढच्या आसनांखाली आहे, त्यामुळे उन्हाळ्यात बैठक तापते.

घेण्यापूर्वी दोन गोष्टी पाहा. सिलिंडर मालाच्या जागेतून किती जागा खातो, हे शोरूममध्ये मागचे दार उघडून स्वतःच्या टेपने मोजा. आणि आरसीवर विनाभार व एकूण असे दोन वजनांचे आकडे असतात, त्यांची वजाबाकी करा. सिलिंडरमुळे विनाभार वजन वाढते आणि तेवढाच माल कमी होतो. त्या वजाबाकीत तुमची आणि मदतनिसाची वजनेही येतात, हे लोक विसरतात. सिलिंडरची दर तीन वर्षांनी दाबचाचणी करून घ्यावी लागते, तीही खर्चात धरा.

गोदाकाठ:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ईकोच्या मालवाहू प्रकाराकडे, म्हणजे कार्गोकडे, कल झाला आहे. अडचण एकच उरते: कार्गोला दोनच आसने आहेत आणि आम्ही तिघे आहोत. दुसऱ्या मदतनिसाला मागे सामानात बसवणे योग्य होईल का?

कागदपत्री:

अजिबात नाही. मालाच्या जागेत बसलेल्या माणसासाठी आरसीवर आसन नाही, आणि अपघात झाल्यास त्याच्या भरपाईचा बोजा थेट तुमच्यावर येऊ शकतो. दोन आसने म्हणजे दोन माणसे.

पाना_पक्कड:

दुचाक्या विकू नका, एवढेच सांगतो. आमच्याकडे तिसरा माणूस दुचाकीवरच असतो आणि त्याचा उपयोग गाडीत बसलेल्यापेक्षा जास्त होतो. गाडी कामावर उभी असताना दुकानातून काही आणायचे झाले, तर भरलेली गाडी हलवावी लागत नाही. त्र्यंबकच्या पावसात त्याला चांगला रेनकोट घेऊन द्या आणि शक्य तेव्हा पाळी बदला.

रॅक बनवून घेताना फॅब्रिकेटरला गाडी दाखवूनच माप द्या, आणि मूळ बांधणीत कापाकापी करू देऊ नका. नेहमी लागणारे फिटिंगचे कप्पे सरकत्या दाराच्या तोंडाशी ठेवा, मागच्या दाराशी नव्हे. मागचे दार वर उघडते, आणि रविवार कारंजाच्या आतल्या गल्ल्यांत मागे दुसरी गाडी चिकटून उभी असली की ते उघडतच नाही. मागच्या बाजूला शिडी, मोटार, गीझर असे दिवसातून एकदाच काढायचे सामान राहू द्या, आणि जड वस्तू चाकांच्या कमानींच्या मधोमध, जमिनीलगत बांधा.