अनुभव धागा: चौदा वर्षांचा सैनिक जिम मार्टिन

रेवा_मेलबर्न:
एप्रिलमधला अँझॅक डे (युद्धात गेलेल्या सैनिकांच्या स्मरणाचा दिवस) आला की आमच्याकडे पोरांच्या शाळेच्या प्रोजेक्टमधून जिम मार्टिन घरी येतो. पहिल्या महायुद्धात मरण पावलेल्या ऑस्ट्रेलियन सैनिकांपैकी माहीत असलेला वयाने सगळ्यात लहान. जन्म ३ जानेवारी १९०१, मृत्यू २५ ऑक्टोबर १९१५. वजाबाकी तुम्हीच करा. घरात एकुलता मुलगा, बाकी बहिणी. वडिलांना भरतीत नाकारलं, तर हा म्हणाला, मी जातो. अडवलंत तर दुसऱ्या नावाने जाईन आणि पत्रही टाकणार नाही! शेवटी घरून संमती मिळाली, वय अठरा सांगितलं. त्याची आणि तुमची गाठ कुठे पडली? लिहा.

भटक्या७७:
तो जिथे लढला त्या तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीला, लोन पाइनच्या स्मारकावर. त्याच्यासारख्या समुद्रात दफन झालेल्यांचीही नावं तिथे भिंतीवर आहेत. पण मला हलवलं ते रस्त्याने. टेकडीच्या कण्यावरून जाताना दोन्ही बाजूंचे खंदक दिसतात. तुर्क सत्तरएक यार्डांवर आहेत, असं त्याने घरी कळवलं होतं. मी तेवढं अंतर चालून पाहिलं. पलीकडचा माणूस खोकला तरी ऐकू यावा! आणि तिथे पोचायच्या आधीच 'साउथलँड' जहाजावर टॉर्पेडो आदळून हा चार तास पाण्यात होता.

डॉ_मंजिरी:
तो गेला आंत्रज्वराने, म्हणजे टायफॉइडने. आम्ही टायफॉइड शिकवताना मुलांना आकडे सांगतो, मी आता जिमही सांगते. माश्या, घाण पाणी, आणि पोरगं खंदक सोडायला तयार नाही. 'ग्लेनार्ट कॅसल' या इस्पितळ-जहाजावर आणलं त्याच संध्याकाळी हृदय बंद पडलं. तेव्हा अँटिबायोटिक नव्हतंच.

अनघा_पुणे:
मला राग आईबापांचाच येतो. माझा नववीत आहे, त्याला एकट्याने लोणावळ्याला सोडत नाही मी.

सदाशिव_सातारा:
अनघाताई, राग बरोबर आहे, पण आमच्याकडेही हेच व्हायचं. माझे पणजोबा वय वाढवूनच पलटणीत गेले. जन्माचा दाखला कोणाकडे होता? छाती मोजली, उंची पाहिली, घेतला. घरी पगार येणार म्हटल्यावर कोणी 'नको' म्हणालं नाही. जिमच्या घरी निदान विचारलं तरी.

अनघा_पुणे:
विचारलं की धमकावलं?

रेवा_मेलबर्न:
तेही खरंच. बिचाऱ्याने शेवटच्या पत्रात घरून एकही पत्र मिळालं नाही म्हणून लिहिलंय.

नीलू_कॅनबेरा:
इथल्या युद्धस्मारकात नावं पलटणीनुसार लावलेली आहेत, हुद्दा कोणाचाच नाही. एकविसाव्या बटालियनखाली त्याचं नाव सापडतं. माझ्या लेकीने फटीत कागदी पॉपी (सैनिकांच्या स्मरणाचं लाल फूल) खोचली आणि लगेच शेजारच्या नावालाही एक खोचली, 'त्याला वाईट वाटेल' म्हणून.

भटक्या७७:
तिथल्या संध्याकाळच्या 'लास्ट पोस्ट'ला (बिगुल वाजवून सैनिकांना मानवंदना देतात त्या कार्यक्रमाला) लहान मुलं चालतात का?

नीलू_कॅनबेरा:
चालतात. थंडीचे कपडे घ्या, बाहेर उभं राहावं लागतं.