आजीच्या ओव्या रेकॉर्ड करायच्या आहेत, घरी जोडलेल्या कंडेन्सर माईकचा आवाज फाटतोय. सर्किट सुचवा

महालवाला:
मंडळी, मदत पाहिजे. माझी आजी उमरेडकडची, ८२ वर्षांची. जात्यावरच्या शंभराच्या वर ओव्या तिला तोंडपाठ आहेत आणि कुठंच लिहिलेल्या नाहीत. मोबाईलवर घेतो तर आजीपेक्षा कूलरच जास्त ऐकू येतो. म्हणून बर्डीवरून (नागपूरचा सीताबर्डी बाजार) दोन पायांचा कंडेन्सर माईक, बीसी ५४७ ट्रान्झिस्टर आणि ९ व्होल्टची बॅटरी आणून सर्किट जोडलं. माईकला २.२ के (किलोओहम) रेझिस्टरमधून पुरवठा, पुढे १०४ लिहिलेला कपॅसिटर, तो ट्रान्झिस्टरच्या बेसला. कलेक्टरला १० के, कलेक्टर ते बेस १ मेग (मेगओहम). आउटपुट मोबाईलच्या हेडफोन जॅकला.
आवाज येतो, पण बारीक, टेलिफोनवरून आल्यासारखा. जरा वरच्या पट्टीत गेला की फाटतो, आणि मागे सतत घूंऽऽ. कंडेन्सरला ४८ व्होल्ट लागतात असं वाचलं. ते नाहीत म्हणून असं होऊन राहिलं का? आणखी पाचेकशे रुपये घालायची तयारी आहे.

जुनारेडिओ:
भाऊ, ४८ व्होल्ट स्टुडिओच्या एक्सएलआर (तीन पिनांच्या प्लगच्या) माईकसाठी, तुझ्यासाठी नाही. मूळ कंडेन्सर माईकच्या पडद्यावर बाहेरून विजेचा दाब ठेवावा लागायचा. तुझ्याकडचा आहे इलेक्ट्रेट. १९६२ मध्ये बेल लॅब्समध्ये सेसलर आणि वेस्ट यांनी प्लास्टिकच्या पातळ पडद्यातच विद्युतभार कायमचा कोंडून ठेवायची युक्ती काढली, त्याचंच हे पिल्लू. तुझी बॅटरी फक्त आतल्या इवल्याशा एफईटीसाठी, म्हणजे माईकमधल्याच छोट्या ट्रान्झिस्टरसाठी. तिला अर्धा मिलीअँपिअरसुद्धा पुरतो.
आवाज बारीक यायचं कारण तो १०४. म्हणजे ०.१ मायक्रोफॅरड. तुझ्या ट्रान्झिस्टरचा इनपुट रोध जेमतेम ३ के, त्यात माईकचे २.२ के मिळवले तर साधारण ३०० हर्ट्झच्या खालचं सगळं गळून जातं. बाईमाणसाच्या आवाजाचा मूळ सूर २०० हर्ट्झच्या आसपास असतो. आजीच्या आवाजाचा पायाच कापला जातोय! तिथं ४.७ मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलायटिक लाव, प्लसचा पाय माईककडे.

सोल्डरताई:
कपॅसिटरचं बरोबर आहे, पण फाटण्याचं कारण वेगळं आहे. तुझं सर्किट आवाज जवळजवळ २०० पट वाढवतंय. माईकमधून बोलण्याचे काही मिलीव्होल्ट निघतात, म्हणजे मोबाईलच्या माईक इनपुटला तू व्होल्टभर देतोयस. त्याला तेवढं झेपतच नाही.
माझं ऐकशील तर ट्रान्झिस्टर, बॅटरी सगळं काढून टाक. मोबाईलच्या जॅकमध्ये माईकसाठीचा पुरवठा आणि अॅम्प्लिफायर आधीच असतो. चार कड्यांचा प्लग घे. टोक आणि त्यामागची कडी कानांसाठी, तिसरी ग्राउंड, सगळ्यात मागची माईक. हेडफोन जॅक असलेल्या आजच्या बहुतेक फोनमध्ये ही रचना असते. माईकचे दोन पाय या शेवटच्या दोघांना. कुठला पाय ग्राउंड हे मल्टिमीटर लावून बघ: जो बाहेरच्या धातूच्या कवचाशी जोडलेला, तो.
घरात कान बंद पडलेला जुना हेडफोन असेल तर त्याचीच वायर वापर. फक्त त्या बारीक तारांवर लाखेचा थर असतो, ब्लेडने खरडल्याशिवाय सोल्डर धरत नाही. आणि माईकवर सोल्डर दोन सेकंदांत आटप. उष्णतेनं पडद्यातला भार उडतो आणि माईक कायमचा मंद होतो. मी सुरुवातीला असे तीन घालवले, त्यामुळे हे कळकळीनं सांगतेय.

जुनारेडिओ:
ताईंचं पटलं, मोबाईलसाठी हेच योग्य. घूं येतो तो ५० हर्ट्झचा, घरातल्या वायरिंगचा. उघडी तार अँटेनासारखी तो उचलते. शील्डवाली वायर घे, जाळी ग्राउंडला जोड, माईक छोट्या पत्र्याच्या डबीत बसव आणि डबीही ग्राउंडला जोड. रेकॉर्डिंग चालू असताना चार्जर लावू नको.

बर्डीकर:
सामान बर्डीवरच्या मोदी नंबरच्या गल्ल्यांमध्ये बघ. माईक घेताना एक नको, चार-पाच घे. स्वस्त असतात आणि एकाच पाकिटातले दोन सारखे निघत नाहीत. त्यातला कमीत कमी खसखस करणारा आजीसाठी ठेव.
पण खरं सांगू का, सर्किटपेक्षा अंतर महत्त्वाचं. अंतर निम्मं केलं की आवाज ६ डेसिबलनं वाढतो, खोलीतला गोंगाट मात्र तेवढाच राहतो. माईक तोंडापासून वीतभर, पण समोर नाही, गालाच्या बाजूला. नाहीतर प, फ, भ ला फुंकर बसेल. आणि नागपूरच्या मे महिन्यात दुपारी कूलर बंद करायला आजीला सांगू नको रे. पहाटे घे.

महालवाला:
सगळ्यांचे आभार. ट्रान्झिस्टर काढला, थेट जोडणी केली, शील्डची वायर आणि बामची रिकामी डबी वापरली. आज पहाटे साडेपाचला बसलो. घूं गेला. दोन ओळींच्या मध्ये आजी श्वास घेते तोसुद्धा ऐकू येतो. १४ ओव्या झाल्या. मध्येच ती थांबली, म्हणाली, ही माझ्या सासूची. ते तसंच ठेवलंय.
आता एकच अडचण. जात्याशिवाय तिला ओवी आठवत नाही, आणि जातं फिरलं की खालून धडधड येते.

सोल्डरताई:
धडधड जमिनीतून स्टँडमध्ये चढतेय. माईकची डबी चार रबरबँडांनी एखाद्या रिंगमध्ये टांग, स्टँडखाली दुहेरी घडीची गोधडी ठेव. तरी राहिली तर नंतर ८० हर्ट्झच्या खालचं फिल्टरनं काप, आजीचा आवाज त्याच्या वरच आहे. पण मूळ फाईल जशीच्या तशी वेगळी जपून ठेव. आणि जातं काढू नको. ओवीची लय त्याच्याच फेऱ्यावर बसलेली असते.

महालवाला:
रबरबँड आहेत घरात. उद्या पहाटे पुन्हा.